लिंपणारा वेगळा, काढणारा वेगळा

वैनगंगेतल्या रेतीचा सातबारा कोणाच्याही नावावर नाही. पावसाळ्यात नदी येते, सगळं पुसून टाकते, आणि दिवाळी उलटून पाणी एका कडेला सरलं की मधली रेती पुन्हा कोरीकरकरीत. गेल्या वर्षी जिथे तुमची झोपडी होती तिथे यंदा डोह, आणि जिथे डोह होता तिथे गुडघाभर गाळ. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले, तेव्हा इकडची हद्दीची रेघ नदीतून गेली. रेघ ओढणाऱ्याला नदी दरवर्षी कूस बदलते हे कोणी सांगितलं नसावं. त्यामुळे कोसंबघाटच्या ढिवरांची डांगरं काही वर्षं गडचिरोलीत पिकली, काही वर्षं चंद्रपुरात. चवीला सारखीच.

डांगर म्हणजे पापडाचं पीठ नव्हे, भोपळाही नव्हे. तो घोळ पुण्याकडच्यांनी घालावा. इकडे डांगर म्हणजे टरबूज. कोसंबघाट हे आरमोरीपासून बारा किलोमीटरवरचं नदीकाठचं गाव. तिथली सात ढिवर घरं पावसाळाभर मासे धरत आणि मार्गशीर्ष लागला की रेतीत डांगरवाडी लावत. रेतीत खड्डे करायचे, त्यात शेणखत आणि गाळ भरायचा, बी टोचायचं, आणि झिरा खोदून, म्हणजे रेतीत हातभर खड्डा करून त्यात पाझरेल ते पाणी मडक्याने आणून घालायचं. उन्हाळा तापला की त्याच रेतीतून पाण्याने भरलेलं फळ निघतं. लोक याला चमत्कार म्हणतात. ज्यांनी मडकी वाहिली आहेत ते म्हणत नाहीत.

आता रेती कोणाचीच नाही म्हटल्यावर कोणी कुठे लावायचं? त्याची एक रीत होती. रेतीच्या सात पट्ट्या पाडायच्या. पहिली काठाला लागून, सातवी पार धारेजवळ. प्रत्येक घराने आपली खूण द्यायची. कोणाची कवडी, कोणाची गुंज, कोणाचा बांगडीचा तुकडा. एकाने त्या खुणा ओल्या मातीत लिंपून लिंबाएवढे सात गोळे करायचे आणि गाडग्यात टाकायचे. दुसऱ्याने न बघता एकेक गोळा काढून फोडायचा. पहिल्या गोळ्यात ज्याची खूण, त्याची पहिली पट्टी. फुटलेली माती नदीत टाकून द्यायची. लिंपणारा वेगळा, काढणारा वेगळा. एकाच माणसाने दोन्ही केलं तर ती पट्टी नदीने दिलेली नाही, तुम्ही उचललेली आहे. गोळे फुटल्यावर मात्र कोणी आपली पट्टी राजीखुशीने दुसऱ्याला दिली तर नदीची ना नव्हती.

हरिदास वयाच्या दहाव्या वर्षापासून ही रीत बघत आला होता. आता तो त्रेसष्ट वर्षांचा होता, आणि यंदा गाडग्यात टाकायला दोनच घरं उरली होती. बुधूचं घर हैदराबादकडे बांधकामावर गेलं ते तिकडचंच झालं. पत्रूच्या पोरांना नदीची लाज वाटत होती. बाकीची दोन घरं अशीच एकेक करून विझली. गेल्या वर्षापर्यंत म्हातारा इसरू होता. त्याच्या हाताला कंप होता, गोळे वेडेवाकडे व्हायचे, पण लिंपायला माणूस होता. तो आषाढात गेला.

राहिलं बायनाबाईचं घर. बायनाबाई म्हणजे पोचूची बायको. पोचू हरिदासचा जिवाभावाचा दोस्त. एकाच डोंग्यातून दोघांनी तीस वर्षं जाळं टाकलं होतं. पोचूला जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्या अकरा वर्षांत हरिदास बायनाबाईशी एक शब्द बोलला नव्हता. दोघांच्या घरांमध्ये चार घरं होती. तिची खूण दरवर्षी इसरूच आणून द्यायचा आणि तिची पट्टीही तोच लावायचा.

हरिदासचा मुलगा प्रफुल बल्लारपूरला नोकरीला होता. त्याचा दर रविवारी फोन यायचा.

"बाबा, गोळेबिळे सोडा ना आता," तो म्हणाला. "सारी नदी मोकळी पडली आहे. पाह्यजे तिथी लावा. कोण पाहून राह्यलं तुमाले?"

"कोणी नाई."

"मंग?"

"मंग काही नाई," हरिदास म्हणाला, आणि पाऊसपाण्याचं विचारून त्याने फोन ठेवला.

कोणी बघत नाही, हीच तर त्याची अडचण होती. एकदा कोणी बघत नसताना त्याने जे केलं होतं, ते त्याच्या मुलालाच काय, कोणालाच माहीत नव्हतं.

हरिदास हा मागणारा माणूस नव्हता. भूक लागली तरी वाढ म्हणायचा नाही, बायकोने ताटाकडे पाहावं आणि ओळखावं. गावात याला कोणी स्वाभिमान म्हणत, कोणी घुमेपणा. खरं सांगायचं तर तो नुसता हट्ट होता, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा दुसऱ्यांनी मोजली. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या बायकोचे, आशाबाईचे, पाय सुजू लागले. पोटरीत बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. डॉक्टरांनी चालणं कमी करा म्हणून सांगितलं. आणि डांगरवाडी म्हणजे दिवसभर रेतीतलं चालणं. पहिली पट्टी मिळाली असती तर काठावर बसून तिला कामं करता आली असती. दूरची मिळाली असती तर जाऊन येऊनच दम निघाला असता. घरी थांब म्हटलं तर ती थांबणारी नव्हती.

गोळे फुटल्यावर पहिली पट्टी ज्याची निघेल त्याला, बाबा, आमची अदलाबदल कर, असं म्हणायचं होतं. एवढंच. पण ते म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं.

त्या वर्षी लिंपणारा पोचू होता आणि काढणारा हरिदास. हरिदासच्या घराची खूण चिंचोका. त्याने तो चिंचोका घरूनच मातीत गुंडाळून आणला, आणि त्या मातीत ट्रकच्या बेअरिंगमधली एक लोखंडी गोटी दाबून ठेवली. पोचूने बडबड करत करत, सगळ्यांची चेष्टा करत, सातही गोळे लिंपले आणि गाडग्यात सोडले. हरिदासने हात घातला. जड गोळा पहिल्याच फेरीत हाताला लागला. त्याने तो मुठीतच फोडला, चिंचोका वर करून दाखवला, आणि गोटीसकट माती नदीत फेकून दिली. पुढचे सहा गोळे मात्र त्याने इमानाने काढले. शेवटच्या गोळ्यात पोचूची कवडी निघाली. सातवी पट्टी.

सातवी पट्टी वाईट नव्हती. गाळ चांगला, पाणी जवळ. फक्त काठ आणि ती पट्टी यांच्यामध्ये एक खोलगा होता. फाल्गुनात वर कुठे तरी अवकाळी पाऊस झाला आणि भरदुपारी नदी वाढली. पहिल्या सहा पट्ट्यांवरची माणसं चालत काठावर आली. पोचू खोलग्यातून पोहत निघाला. तसले चार खोलगे तो एका दमात पोहला असता, पण पाण्याबरोबर एक उपटलेलं झाड आलं. तो तिसऱ्या दिवशी खाली सापडला.

हरिदासने मग रात्रंदिवस एकच हिशेब मांडला. जड गोळा मी आधी उचलला नसता तर हात दुसऱ्या गोळ्यावर गेला असता, मग सगळ्यांच्याच पट्ट्या बदलल्या असत्या. कदाचित सातवी माझी असती. या हिशेबाला उत्तर नाही, कारण मातीच्या गोळ्यांना क्रम नसतो. पण दोषी माणसाला उत्तर नकोच असतं.

तो पोचूच्या तेराव्याला गेला तो शेवटचा. त्यानंतर बायनाबाईच्या दारात उभं राहण्याची त्याची छाती झाली नाही. ती सकाळी सहाला हातपंपावर येते म्हणून हा सातला जायला लागला. काही दिवसांनी ती सातला येऊ लागली, तेव्हा हा साडेपाचला. ती कधी समोर आलीच तर दोघं खाली बघत. तिचं ते खाली बघणं त्याला शापासारखं वाटायचं. तिला कळलं आहे, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. कसं कळलं असेल ते मात्र त्याला सांगता आलं नसतं. चार वर्षांनी आशाबाईही गेली. बायनाबाई येऊन ओसरीवर बसली, बायकांबरोबर रडली, आणि निघून गेली. हरिदास तेव्हा मागच्या आवारात लाकडं फोडत होता. लाकडांची काही गरज नव्हती.

तेव्हापासून घरात तो आणि रेडिओ. आशाबाईच्या मागे त्याने बोलणं असं केलंच नव्हतं. बकरीला हाड म्हणणं आणि दुकानात चहापत्ती म्हणणं याला कोणी बोलणं म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. पण डांगरवाडी त्याने एकही वर्ष चुकवली नाही, आणि गोळ्यांची रीतही नाही. लिंपायला किंवा काढायला कोणी ना कोणी असायचं, आणि चिंचोका तो सगळ्यांसमोर उघड्या तळहातावर धरून द्यायचा. तेवढी एकच फेड त्याला सुचली होती. यंदा लिंपायला तो होता आणि काढायला बायनाबाई. ती नाही म्हणाली तर त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा त्याची वाडी लागणार नव्हती. आणि मग जानेवारीपासून मेपर्यंत माणसाने सकाळी उठून करायचं तरी काय, हे त्याला खरोखर ठाऊक नव्हतं.

आठ दिवस त्याने टाळाटाळ केली. बी भिजवायचे दिवस निघून चालले, तेव्हा तो एका सकाळी चार घरं ओलांडून गेला. बायनाबाई अंगणात धान पाखडत होती. तिने सूप थांबवलं.

"वयनी," हरिदास म्हणाला. पुढचं त्याने वाटेत चारदा म्हणून पाहिलं होतं, तरी अडकलं. "पट्टी काढाची आहे. इसरू गेला. काढाले कोणी नाई."

बायनाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिचे केस पांढरे झालेले त्याने पहिल्यांदा नीट पाहिले.

"बसा," ती म्हणाली.

"बसत नाई. येता का, तेवढं सांगा."

"कधी?"

"तुमी म्हणान तवा."

"उद्या येतो," बायनाबाई म्हणाली, आणि पुन्हा पाखडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती आली. हरिदासने पहाटेपासून रेतीत काश गवताच्या काड्या रोवून पट्ट्या पाडल्या होत्या. दोन घरांना दोन पुरल्या असत्या, पण त्याच्या हाताने सातही पाडल्या. पाच तशाच रिकाम्या. बायनाबाई त्या ओळींकडे बघत काठावर जरा थांबली आणि मग खाली उतरली. गुडघ्यावर हात ठेवून ती हळूच रेतीत बसली. कमरेच्या पिशवीतून तिने कवडी काढून त्याच्यासमोर ठेवली. पोचूचीच कवडी, एका बाजूने झिजलेली.

हरिदासने माती भिजवली. चिंचोका उघड्या तळहातावर ठेवून त्याने तिला दाखवला. तिने मान हलवली. त्याने एक गोळा लिंपला, दुसरा घेतला, आणि त्याचे हात थांबले. आता नाही बोललो तर हिच्या हातून काढलेली पट्टीही चोरीचीच, असं त्याला वाटलं.

"वयनी, त्या वर्षी मी चिंचोका नुसता नव्हता देल्ला."

तिने वर पाहिलं.

"त्याच्यासंगं लोखंडाची गोटी होती. जड लागाव म्हणून. पयली पट्टी मी नदीकडून नाई घेतली, चोरली. आन् पोचूले सातवी..." अकरा वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर पडलं तेव्हा ते इतकंसं निघालं, याचंच त्याला नवल वाटलं.

"ठाऊक आहे मले," बायनाबाई म्हणाली.

"ठाऊक आहे?"

"त्याच दिवशी सांगतलं त्यानं. जेवतानी. म्हणे, हरिदासनं आज गोटी टाकली, हातात घेतल्याबरोबर समजलं. लिंपणाऱ्याले वजन समजणार नाई का जी? तीस वर्सं जाळ्याले शिशाच्या गोळ्या बांधल्या त्यानं."

पोचू त्या दिवशी सारखा बडबडत होता, एवढंच हरिदासच्या लक्षात राहिलं होतं. ती बडबड कशासाठी होती हे त्याला कधी सुचलं नव्हतं.

"मी म्हटलं, मंग बोलले नाई काऊन तुमी," बायनाबाई सांगत होती. "तं म्हणे, आशाबाईचे पाय पाह्यले का तू? तो मागणार तं नाई, मरून जाईल पण मागणार नाई. म्हणून मी तो गोळा जरासा मोठाच केला, म्हणे. गाडग्यात हात घातल्याबरोबर सापडला पाह्यजे त्याले. आन् हासला. लय हासला त्या दिवशी."

नदीच्या पल्याड, ब्रह्मपुरीच्या बाजूला, कोणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. हरिदासने मातीचा गोळा खाली ठेवला आणि तोंडावर हात घेतला. तो रडत होता, आणि रडताना आवाज कसा करायचा हे विसरलेल्या माणसासारखा रडत होता. बायनाबाईने त्याला समजावलं नाही की उगी म्हटलं नाही.

मग त्याने विचारलं, "तुमी मले सांगतलं काऊन नाई?"

"कुठी सांगू? तुमी दिसले कुठी?" पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "मी सातले येऊ लागली पंपावर, तं तुमी साडेपाचले. आशाबाई गेली तवा आली, तं तुमी मांगं लाकडं फोडत. मले वाटलं, दोस्त गेला, त्याच्या बायकोचं याले काय. त्याचं नाव घेणारं एक माणूस होतं गावात, त्यानंच पाठ फिरवली. मी अकरा वर्सं हेच समजून राह्यली, भाऊजी."

दोघं रेतीत समोरासमोर बसले होते. दोघांनी अकरा वर्षं एकाच माणसाचं दुःख चार घरांच्या अंतराने वेगवेगळं केलं होतं, आणि आता त्याचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"काढू?" शेवटी बायनाबाई म्हणाली.

हरिदासने दुसरा गोळा लिंपला आणि दोन्ही गाडग्यात सोडले. तिने मान वळवून हात घातला, एक गोळा काढला, फोडला. कवडी निघाली. पहिली पट्टी बायनाबाईची. तिने माती नदीत टाकली, हात धुतले आणि पदराला पुसले.

"माही पट्टी तुमीच लावा," ती म्हणाली. "खुशीनं देतो. आता तुमचेही पाय पयलेसारखे नाईत."

"आन् तुमी?"

"मी पोरीकडे, रीताकडे चालली, आरमोरीले. सोमवारी. घर इसरूच्या पुतण्याले राहाले देल्लं. एकटीनं किती दिवस राहाव? बोलाले कोणी नाई गावात."

हरिदासला आधी ते कळलंच नाही. मग कळलं. तो शुक्रवार होता. त्याने रेतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्रेसष्ट वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं.

"नोका जाऊ, वयनी," तो म्हणाला. "डांगरं निघतपर्यंत तरी राहा. मी मागून राह्यलो तुमाले."

बायनाबाईचा चेहरा मऊ झाला. तिने कवडी पुन्हा कमरेच्या पिशवीत टाकली.

"पोरगी गाडी पाठवतो म्हणत होती, मी बसनं येतो म्हटलं. सारं ठरलं जी," ती म्हणाली. "तुमी मागच्या शुक्रवारी आले असते तं राह्यली असती मी." आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

मागच्या शुक्रवारी हरिदास टाळाटाळ करत घरात बसला होता.

सोमवारची बस साडेनवाची होती. हरिदास आठला फाट्यावर जाऊन उभा राहिला. तास-दीड तास बोलायला मिळेल असा त्याचा अंदाज होता, पण बायनाबाई सव्वानऊला आली, डोक्यावर गाठोडं आणि हातात पिशवी घेऊन. त्याने गाठोडं उतरवून घेतलं. दोघांनी एकदमच पोचूचा विषय काढला आणि दोघंही थांबले, मग ती म्हणाली, तुमी सांगा. डोंगा उलटला होता त्या दिवशीची गोष्ट हरिदासने काढली. कसा पोचूने सगळे मासे सोडून दिले आणि पाण्यात नुसती बिड्यांची पुडी शोधत राहिला. बायनाबाई हसायला लागली. ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. मंग सापडली का, तिने विचारलं. हरिदास म्हणाला, ऐका तं. आणि तो पुढे सांगायला लागला, तेवढ्यात बस आली.